एकाच रेणूला किती कामे सांगावीत? असामान्य रक्तवाहिन्यांवरील बहुलक्ष्यी फ्युजन प्रथिने

शोधयात्री

नमस्कार. प्रथिन-अभियांत्रिकीतील माझ्या संशोधनाचे पहिले वर्ष नुकतेच संपले असून पुढील कामाचा आराखडा महिन्याभरात मार्गदर्शकांसमोर ठेवायचा आहे. विषय आहे रक्तवाहिन्यांची असामान्य वाढ, म्हणजे दृष्टिपटलाखाली किंवा कर्करोगाच्या गाठीभोवती फुटणाऱ्या गळक्या, वेड्यावाकड्या वाहिन्या. त्यांना आवर घालण्यासाठी एकाहून अधिक लक्ष्ये धरणारे एकच फ्युजन प्रथिन (वेगवेगळ्या प्रथिनांचे भाग जोडून केलेला एक रेणू) तयार करावे, असे माझ्या मनात आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. गाठ वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या रोखता आल्या तर गाठही रोखता येईल, हा विचार ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. वाहिन्यांना वाढीचा संदेश देणारे व्हीईजीएफ हे प्रथिन १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि सहकाऱ्यांनी वेगळे केले. त्यावरचे सर्वांत देखणे फ्युजन प्रथिन, माझ्या मते, अ‍ॅफ्लिबरसेप्ट. व्हीईजीएफच्या पहिल्या रिसेप्टरचा (पेशीवरील ग्राहक प्रथिनाचा) दुसरा भाग आणि दुसऱ्या रिसेप्टरचा तिसरा भाग एकामागे एक जोडून त्यांना प्रतिपिंडाची एफसी ही शेपटी लावलेली आहे. शरीर ज्या हाताने व्हीईजीएफ धरते, तोच हात कापून सापळा बनवला आहे.

मला यापुढे जाऊन तीन हात असलेला रेणू करायचा आहे: एक व्हीईजीएफसाठी, दुसरा अँजिओपोएटिन-२ साठी आणि तिसरा पीडीजीएफ-बी साठी (हीदेखील वाहिन्यांना संदेश देणारी प्रथिने). प्रश्न असा की तीन लक्ष्ये एकाच रेणूत बांधल्याने खरोखर काही अधिक मिळते का, की तीन वेगळी औषधे एकत्र देणे पुरेसे आहे? ज्यांनी असे रेणू बनवले, वापरले किंवा तपासले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे.

नेत्रांजन

धागा वाचून आनंद झाला. मी दृष्टिपटलाच्या विकारांवर उपचार करतो, त्यामुळे या रेणूंशी माझा संबंध रोजचा आहे.

तिसऱ्या हाताबद्दल आधी सांगतो, कारण तिथे तुमचा बराच वेळ वाचू शकेल. पीडीजीएफ-बी रोखण्याची कल्पना कागदावर फार पटणारी होती. नव्या वाहिनीभोवती पेरिसाइट पेशींचे आवरण असते, पीडीजीएफ रोखले की ते आवरण गळून पडेल आणि उघड्या पडलेल्या वाहिनीवर व्हीईजीएफ-विरोधी औषध अधिक प्रभावी ठरेल, असा तर्क होता. त्यासाठी बनवलेला एक अ‍ॅप्टामर (लक्ष्याला चिकटणारा न्यूक्लिक आम्लाचा छोटा तुकडा) रॅनिबिझुमॅब या व्हीईजीएफ-विरोधी औषधासोबत देऊन मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१६ मध्ये निकाल आले तेव्हा एकट्या रॅनिबिझुमॅबपेक्षा दृष्टीत काहीही भर पडलेली नव्हती. पीडीजीएफच्या रिसेप्टरवरील प्रतिपिंड अ‍ॅफ्लिबरसेप्टसोबत देऊनही त्याच वर्षी निराशाच पदरी पडली. शिवाय मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलात पेरिसाइट आधीच कमी झालेल्या असतात आणि वाहिन्या गळण्याचे तेही एक कारण आहे. जे उरले आहे तेही काढून घेणारा हात आपल्याला हवा आहे का, याचा विचार करावा.

वाचनमात्र

मी या क्षेत्रातील नाही, पण उत्सुकतेने वाचत आहे. अँजिओपोएटिन-२ नेमके काय करते, हे कुणी साध्या शब्दांत सांगेल का?

नेत्रांजन

@वाचनमात्र, वाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशींवर टाय-२ नावाचा रिसेप्टर असतो. अँजिओपोएटिन-१ त्यावर बसले की पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात आणि वाहिनी गळत नाही. अँजिओपोएटिन-२ त्याच जागी बसते, पण आजारी ऊतीत तो संदेश देत नाही, जागा मात्र अडवते. त्यामुळे पेशींची पकड सैल होते आणि व्हीईजीएफचा परिणाम अधिक जाणवतो. म्हणून व्हीईजीएफ आणि अँजिओपोएटिन-२ ही दोन्ही एकाच वेळी धरावीत, ही कल्पना पुढे आली.

साखळी

या उत्तराला धरूनच आराखड्यातला एक धोका दाखवते. अँजिओपोएटिन-२ धरण्यासाठी शोधयात्री टाय-२ रिसेप्टरचा बाहेरचा भाग वापरणार असतील, तर तो सापळा अँजिओपोएटिन-१ लाही तितक्याच आवडीने धरेल, कारण दोन्ही प्रथिने टाय-२ वर एकाच जागी बसतात. जे वाहिनीला सावरते तेच आपण काढून घेऊ. व्हीईजीएफच्या बाबतीत 'शरीराचाच हात कापून घ्या' ही युक्ती चालली, म्हणून ती सर्वत्र चालेल असे नाही. इथे दोघांत भेद करणारा, प्रतिपिंडातून घेतलेला हात लागेल.

आता कार्यशाळेतला अनुभव. मी प्रथिने तयार करून शुद्ध करण्याचे काम बरीच वर्षे करत आहे. आमच्या गटाने एकदा तीन हातांचा रेणू बनवला होता. ग्लायसिनचे चार आणि सेरिनचा एक असा पाचाचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून लिंकर (हातांना सांधणारे दुवे) केले होते, जसे बहुतेक जण करतात. संगणकावर रचना सुंदर दिसत होती. पेशींनी तो रेणू बनवला खरा, पण दोन हातांच्या रेणूच्या तुलनेत फारच थोडा. आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलममधून नमुना सोडला, तेव्हा मुख्य शिखराच्या आधी एक बुटका खांदा दिसला. रेणू एकमेकांना चिकटून गोळे झाले आहेत, असा त्याचा अर्थ. तो खांदा आम्ही काढून टाकला, उरलेले द्रावण शीतपेटीत ठेवले आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तर खांदा परत आलेला होता. जेलवर मुख्य पट्टीच्या खाली एक फिकट पट्टीही उमटली. तिचे वजन मोजल्यावर कळले की तिसरा हात लिंकरपाशी तुटून वेगळा झाला आहे. कुपीवर तीन लक्ष्यांचे नाव होते, पण आत काही रेणू तीन हातांचे, काही दोन हातांचे आणि काही गोळा झालेले, असे मिश्रण होते.

हे डोळ्यात टोचायचे असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. गोळे झालेली प्रथिने रोगप्रतिकारशक्तीला डिवचतात, आणि डोळ्यातली सूज म्हणजे दृष्टीशी गाठ. फ्युजन प्रथिनात जिथे दोन भाग जुळतात तिथे शरीराने कधीही न पाहिलेला अमिनो आम्लांचा क्रम तयार होतो. हात वाढले की असे सांधेही वाढतात.

अबोली

मी वैज्ञानिक नाही. माझ्या आईला ओल्या प्रकारचा पीतबिंदू ऱ्हास (दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली गळक्या वाहिन्या वाढण्याचा आजार) आहे आणि चार वर्षांपासून तिला डोळ्यात इंजेक्शन दिले जाते. आपण सगळे रेणूच्या हातांबद्दल बोलत आहात, म्हणून दुसऱ्या टोकाला काय दिसते ते सांगावेसे वाटले.

तिच्या पलंगाशेजारी भिंतीवर चौकटींचा एक कागद लावलेला आहे. रोज सकाळी चष्मा लावून, एक डोळा झाकून ती मधल्या ठिपक्याकडे पाहते आणि रेषा सरळ आहेत की वाकल्या आहेत ते मला सांगते. ज्या दिवशी ती 'आज खालच्या कोपऱ्यात लाट आहे' असे म्हणते, त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. इंजेक्शनच्या वेळी सुई दिसत नाही, असे ती सांगते. आयोडीनच्या थेंबांनी डोळा मात्र दिवसभर खुपत राहतो आणि कधीकधी काळे गोल बुडबुडे तरंगताना दिसतात, ते दुसऱ्या दिवशी जातात. तिला सर्वांत जास्त धास्ती पुढच्या तारखेची असते. तारीख दोन महिन्यांवरून चार महिन्यांवर गेली तर तिच्यासाठी ते पुष्कळ आहे, रेणूला हात कितीही असोत.

संख्यारेखा

अबोली, आपण मोजायची गोष्टच नेमकी सांगितलीत. दोन इंजेक्शनांमधले अंतर हे आज या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे मोजमाप झाले आहे. पण ते अंतर वाढण्याचे श्रेय दुसऱ्या लक्ष्याला द्यायचे की नाही, यावर माझा आक्षेप आहे.

अँजिओपोएटिन-२ आणि व्हीईजीएफ-ए दोन्ही धरणाऱ्या फॅरिसिमॅबला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. (काटेकोर बोलायचे तर ते फ्युजन प्रथिन नसून द्विलक्ष्यी प्रतिपिंड आहे, पण तर्क तोच.) टेनाया आणि ल्युसर्न या दोन चाचण्यांत ते दर आठ आठवड्यांनी दिलेल्या अ‍ॅफ्लिबरसेप्टपेक्षा कमी पडत नाही असे दिसले आणि सुमारे ४५ टक्के रुग्णांना सोळा आठवड्यांचे अंतर चालले. उत्तम निकाल आहे. मात्र तुलनेतल्या अ‍ॅफ्लिबरसेप्टच्या गटाला अंतर वाढवण्याची संधीच दिलेली नव्हती, त्यांचे आठ आठवडे ठरलेले होते. त्या गटातल्या किती जणांना सोळा आठवडे चालले असते, हे त्या चाचणीतून कळूच शकत नाही.

दुसरे असे की मात्रा सारखी नव्हती. अ‍ॅफ्लिबरसेप्ट २ मिलिग्रॅम आणि वजन सुमारे ११५ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक), म्हणजे सुमारे १७ नॅनोमोल (रेणूंच्या संख्येचे एकक). फॅरिसिमॅब ६ मिलिग्रॅम आणि वजन सुमारे १५० किलोडाल्टन, म्हणजे ४० नॅनोमोल. व्हीईजीएफ धरणाऱ्या रेणूंची संख्याच दुपटीहून अधिक आहे. नंतर पल्सर चाचणीत एकलक्ष्यी अ‍ॅफ्लिबरसेप्टचीच मात्रा ८ मिलिग्रॅम केली, तर तेही बारा आणि सोळा आठवड्यांच्या अंतराने देऊन दृष्टीच्या बाबतीत कमी पडले नाही. मग अंतर वाढले ते दुसऱ्या लक्ष्यामुळे की अधिक रेणूंमुळे?

साखळी

@संख्यारेखा, मात्रेच्या हिशेबाला माझी एक पुरवणी. डोळ्यातून औषध ठरावीक अर्धायुष्याने (निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाने) कमी होते. म्हणून मात्रा दुप्पट केली की फक्त एका अर्धायुष्याइतका काळ वाढतो, आणि २ मिलिग्रॅमचे ८ केले की दोन अर्धायुष्ये. अर्धायुष्य आठवडा-दहा दिवसांचे धरले तर ही वाढ दोन ते तीन आठवड्यांची होते. त्यामुळे मात्रेने फरक पडतो हे खरे, पण त्यालाही मर्यादा आहे.

इथेच बहुलक्ष्यी रेणूची मोठी अडचण दिसते. डोळ्यात एका वेळी साधारण ५० मायक्रोलिटर द्रव टोचता येतो, फार वाढवला तर डोळ्यातला दाब वाढतो. प्रत्येक हाताबरोबर रेणूचे वजन वाढते, आणि द्रावण एका मर्यादेपलीकडे दाट केले तर ते बारीक सुईतून उतरत नाही. म्हणून हात वाढवले की त्याच थेंबात रेणू कमी मावतात. ब्रोल्युसिझुमॅब हा व्हीईजीएफ धरणारा, अवघ्या २६ किलोडाल्टनचा प्रतिपिंडाचा तुकडा ६ मिलिग्रॅम देता येतो, म्हणजे सुमारे २३० नॅनोमोल. तिसऱ्या लक्ष्याची किंमत आपण पहिल्या लक्ष्याच्या रेणूंमधून मोजत असतो.

नेत्रांजन

हिशेब बरोबर आहे. पण केवळ रेणूंची संख्या पाहून निष्कर्ष काढू नये. ब्रोल्युसिझुमॅब २०१९ मध्ये आले आणि २०२० मध्येच दृष्टिपटलातील वाहिन्यांना सूज येऊन त्या बंद पडल्याचे अहवाल येऊ लागले. तेव्हापासून 'लहान आणि दाट म्हणजे चांगले' हे सूत्र मी मनातून काढून टाकले आहे.

संख्यारेखा यांच्या आक्षेपावर मला इतकेच म्हणायचे आहे की फॅरिसिमॅब घेतलेल्या काही रुग्णांच्या पडद्याखालचे पाणी इतर औषधांपेक्षा लवकर सुकलेले मी पाहिले आहे. हा पुरावा नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ते पाहिल्यावर दुसरे लक्ष्य निरर्थक आहे, असे म्हणायला मी धजावत नाही.

कर्कवृत्त

चर्चा डोळ्यापुरती झाली आहे, म्हणून गाठींच्या बाजूने लिहितो.

तिथे अडचण वेगळी आहे, कारण औषध शिरेतून सर्व शरीरात जाते. व्हीईजीएफ धरणाऱ्या बेव्हासिझुमॅबला २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. रक्तदाब वाढणे, लघवीतून प्रथिने जाणे, जखम उशिरा भरणे आणि क्वचित आतड्याला भोक पडणे हे त्याचे दुष्परिणाम तेव्हापासून परिचित आहेत, कारण निरोगी वाहिन्यांनाही व्हीईजीएफ लागते. व्हीईजीएफ आणि अँजिओपोएटिन-२ या दोन्हींवरील व्हॅनुसिझुमॅब याच कर्करोगात केमोथेरपीसह बेव्हासिझुमॅबशी ताडून पाहिले गेले, पण आजार रोखून धरण्याचा काळ वाढला नाही. डोळ्यात ज्या जोडीकडून इतकी आशा आहे, तीच जोडी तिथे पुरली नाही. म्हणून लक्ष्यांची जोडी 'चांगली' की 'वाईट' हे ऊतीचे नाव घेतल्याशिवाय ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

राकेश जैन यांनी २००१ मध्ये मांडलेला विचारही आराखड्यात असावा. त्यांच्या मते व्हीईजीएफ-विरोधी औषधाचा एक उपयोग वाहिन्या मारण्याचा नसून त्या काही काळ नीट करण्याचा आहे. गळती थांबली, रक्तप्रवाह सुधारला की केमोथेरपी आणि प्रतिकारपेशी गाठीत आत पोहोचतात. तुमचा रेणू वाहिनी तोडणार आहे की सावरणार आहे, हे आधी ठरवा. पीडीजीएफ रोखणे म्हणजे तोडणे आणि अँजिओपोएटिन-२ रोखणे म्हणजे सावरणे. एकाच रेणूचे दोन हात परस्परविरोधी कामे करू लागले तर निकालाचा अर्थ तरी कसा लावणार?

शोधयात्री

@कर्कवृत्त, हा विरोध माझ्या लक्षातच आला नव्हता. मनापासून आभार. पण मग जोडून टाकण्याचा स्वतंत्र फायदा कुठे दिसला आहे, असे एखादे उदाहरण आहे का?

कर्कवृत्त

आहे. चीनमध्ये २०२४ मध्ये मान्यता मिळालेले इव्होनेसिमॅब पीडी-१ (प्रतिकारपेशींना थोपवणारा रिसेप्टर) आणि व्हीईजीएफ दोन्ही धरते. व्हीईजीएफ जोडीने वावरते, त्यामुळे त्या जोडीच्या आधाराने इव्होनेसिमॅबचे अनेक रेणू एकमेकांना गुंफले जातात आणि प्रतिकारपेशीवरील पीडी-१ ला त्यांची पकड अधिक घट्ट होते. व्हीईजीएफ गाठीजवळ भरपूर असते, म्हणून पकडही तिथेच वाढावी, अशी अपेक्षा आहे. दोन औषधे नुसती मिसळली तर हा गुण येणार नाही. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात केवळ पीडी-१ धरणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबशी तुलना केली, तेव्हा आजार न वाढता गेलेल्या काळाचा मध्यांक ५.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेला.

संख्यारेखा

उदाहरण उत्तम आहे, पण पुन्हा तीच उणीव. तुलना पीडी-१ च्या एकट्या औषधाशी झाली, पीडी-१ आणि व्हीईजीएफच्या दोन वेगळ्या औषधांच्या मिश्रणाशी नाही. रुग्णांसाठी निकाल मोलाचा आहे, मात्र 'जोडल्यामुळे' किती मिळाले, याचे उत्तर त्यातून निघत नाही.

शोधयात्री, तुमच्या प्रयोगशाळेत ही चूक टाळणे शक्य आहे आणि तेही रुग्णांवरील चाचणीपेक्षा कितीतरी कमी खर्चात. केवळ व्हीईजीएफचा सापळा, केवळ अँजिओपोएटिन-२ चा हात, दोन्हींचे मिश्रण आणि दोन्ही जोडलेला रेणू, असे गट घ्या आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये न मोजता मोलमध्ये सारखी ठेवा. आणखी एक गट मला अत्यावश्यक वाटतो: जोडलेलाच रेणू, पण एका हातातील मोजकी अमिनो आम्ले बदलून तो हात निकामी केलेला. वजन तेच, शेपटी तीच, काम करणारा हात मात्र एकच. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय दुसऱ्या हाताचे श्रेय सिद्ध होणार नाही.

अबोली

एक शंका. दोन औषधे मिसळून एकाच सुईतून देता येत नाहीत का? आईला एकच टोचणी लागणार असेल तर आत एक रेणू आहे की दोन, याने तिला काही फरक पडणार नाही.

साखळी

@अबोली, देता येतात, आणि तसे केलेही गेले आहे. अ‍ॅफ्लिबरसेप्ट आणि अँजिओपोएटिन-२ वरील नेस्व्हाकुमॅब हे प्रतिपिंड एकाच कुपीत घालून चाचण्या झाल्या, पण एकट्या अ‍ॅफ्लिबरसेप्टपेक्षा पुरेसा फरक न दिसल्याने ते काम पुढे गेले नाही. फॅरिसिमॅबच्या आशेकडे पाहताना हा निकालही शेजारी ठेवावा, असे मला वाटते.

मिश्रणाचा एक मोठा गुण मात्र तुमच्या प्रश्नातून पुढे येतो. मिश्रणात दोन औषधांचे प्रमाण बदलता येते. फ्युजन प्रथिनात ते रेणू बांधतानाच कायमचे ठरते. व्हीईजीएफचा एक हात म्हणजे अँजिओपोएटिन-२ चाही एक हात, मग ऊतीत त्यांचे प्रमाण काहीही असो. ज्या आजारात योग्य प्रमाण आपल्याला अजून कळलेले नाही, तिथे आधी मिश्रणाने ते शोधावे आणि मगच जोडणी करावी, हा क्रम मी आग्रहाने सुचवेन.

नेत्रांजन

साखळी यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात प्राण्यांवरील प्रयोगाबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण इथे अनेकांची वर्षे वाया गेलेली आहेत. बेव्हासिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब उंदराच्या व्हीईजीएफला जवळजवळ धरत नाहीत, अ‍ॅफ्लिबरसेप्ट धरते. तुलनेचे औषध निवडताना हे पाहिले नाही तर आपला नवा रेणू विनाकारण सरस दिसेल. नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून दृष्टिपटलावर लेझरने केलेली जखम उंदरात काही आठवड्यांत आपोआप भरत जाते आणि उंदराला पीतबिंदूच नसतो, त्यामुळे तिथले यश हे माणसातल्या यशाचे वचन नाही. उंदराच्या पिल्लांना सातव्या ते बाराव्या दिवसापर्यंत ७५ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवून सतराव्या दिवशी नव्या वाहिन्या मोजण्याची पद्धतही सोबत वापरावी. दोन्ही पद्धतींत एकच कल दिसला तरच पुढे जावे.

एफसी शेपटीचाही विचार करा. तीच शेपटी औषधाला रक्तात टिकवते. डोळ्यातून रक्तात गेलेले औषध टिकून राहणे वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या उपचारात काळजीचे असते, कारण त्यांच्या वाढत्या अवयवांना व्हीईजीएफची गरज असते. फॅरिसिमॅबमध्ये शेपटीचा तो गुण मुद्दाम काढून टाकला आहे.

वाचनमात्र

मला विषय आता बराच उलगडला. तिसऱ्या लक्ष्याची कल्पना पूर्णपणे सोडून द्यावी, असे सर्वांचे मत आहे का?

कर्कवृत्त

माझे तसे मत नाही. व्हीईजीएफच्या सापळ्याला पूरक प्रणाली (रोगप्रतिकारशक्तीचा भाग असलेली रक्तातील प्रथिने) रोखणारा भाग जोडलेली फ्युजन प्रथिने रुग्णांवर तपासली जात आहेत, कारण पीतबिंदू ऱ्हासात पूरक प्रणालीचा हात असल्याचे जनुकीय पुरावे भक्कम आहेत. दुसऱ्या बाजूला, व्हीईजीएफ-सी आणि डी ही व्हीईजीएफची भावंडे धरणारे, तिसऱ्या रिसेप्टरपासून बनवलेले सोझिनिबरसेप्ट २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरले, आणि तेही आधीच्या टप्प्यात आशा दाखवल्यानंतर. लक्ष्य तिसरे असो वा दुसरे, ते माणसाच्या आजारात खरोखर कारणीभूत आहे याचा पुरावा आधी हवा.

शोधयात्री

गेले चार दिवस सर्व प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि आराखडा नव्याने लिहिला.

पीडीजीएफचा हात काढून टाकला आहे. टाय-२ च्या जागी अँजिओपोएटिन-२ लाच धरणारा, प्रतिपिंडातून घेतलेला लहान हात ठेवला आहे. पहिले वर्ष जोडणी करणारच नाही. व्हीईजीएफचा सापळा आणि तो हात वेगवेगळे बनवून तीन-चार प्रमाणांत मिसळेन आणि संवर्धित पेशींच्या थरातून होणारी गळती मोजेन. एखादे प्रमाण स्पष्टपणे सरस ठरले आणि ते एकास एकच्या आसपास असेल, तरच जोडलेला रेणू बांधेन, आणि त्याच दिवशी निकामी हाताचा जोडीदारही बांधायला घेईन. प्रमाण दुसरेच काही निघाले तर मिश्रणावरच काम पुढे नेईन, असे मार्गदर्शकांना लिहून दिले आहे. मूळ प्रश्नाला माझे आजचे उत्तर इतके आहे: जोडल्याने अधिक मिळू शकते, पण कुठे मिळेल ते जोडण्याआधी कळून घेता येते, आणि मी ते न करताच निघालो होतो.

@अबोली, गळतीचा प्रयोग लिहिताना मोजमापाच्या यादीत 'परिणाम किती दिवस टिकला' हा रकाना सर्वांत वर घेतला आहे.

साखळी

दोन्ही प्रथिने शुद्ध झाली की कॉलमचे आलेख इथे टाका, पहिल्या दिवसाचे आणि शीतपेटीत महिनाभर ठेवल्यानंतरचेही. खांदा दिसला तर लिंकरची लांबी बदलण्याआधी द्रावणाची आम्लता बदलून पाहा, आम्ही ते फार उशिरा केले.

अबोली

आईला आज सकाळी सगळ्या रेषा सरळ दिसल्या. पुढची तारीख दहा आठवड्यांनी आहे.